माहिती प्रणालींच्या संशोधनात ग्राउंडेड थिअरी: पार्श्वभूमी

व्यवस्थापन आणि माहिती प्रणाली या विषयांत आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या ग्राउंडेड थिअरी या संशोधनपद्धतीचा उगम रुग्णालयांत झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील परिचर्या विभागात काम करणारे समाजशास्त्रज्ञ बार्नी ग्लेसर आणि अन्सेल्म स्ट्रॉस १९६० च्या दशकात मरणासन्न रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि कर्मचारी एकमेकांशी मृत्यूविषयी काय बोलतात व काय लपवतात, याचा अभ्यास करत होते. त्या कामातून घडलेली पद्धत त्यांनी १९६७ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. आधी सिद्धान्त घ्यावा आणि मग तो आकडेवारीवर तपासावा, ही तेव्हाच्या अमेरिकी समाजशास्त्राची रूढ वाट होती. याउलट सिद्धान्त क्षेत्रकार्यातील सामग्रीतूनच उभा राहू शकतो आणि त्यासाठी सामग्री गोळा करणे व तिचे विश्लेषण करणे ही कामे जोडीने चालली पाहिजेत, असे या दोघांचे प्रतिपादन होते.

ग्लेसर कोलंबिया विद्यापीठाच्या संख्यात्मक परंपरेत घडले होते आणि स्ट्रॉस शिकागो विद्यापीठाच्या क्षेत्रकार्याच्या परंपरेत. पुढे पडलेल्या फुटीचे मूळ बहुधा इथेच असावे. स्ट्रॉस आणि ज्युलिएट कॉर्बिन यांनी १९९० मध्ये कोडिंगचे, म्हणजे सामग्रीच्या तुकड्यांना संकल्पनांची नावे देण्याचे, टप्पे आखून देणारे पुस्तक लिहिले, तेव्हा असा साचा सामग्रीवर संकल्पना लादतो, असा जाहीर आक्षेप ग्लेसर यांनी १९९२ मध्ये घेतला.

माहिती प्रणालींच्या अभ्यासात ही पद्धत रुजू लागली ती याच सुमारास. वांडा ऑर्लिकोव्स्की यांचा 'एमआयएस क्वार्टर्ली' या संशोधनपत्रिकेतील १९९३ चा लेख आजही आदर्श मानला जातो, आणि ते योग्यच आहे. सॉफ्टवेअर विकसित करण्याच्या कामात मदत करणारी 'केस' (CASE) ही संगणकीय साधने एका सॉफ्टवेअर सल्लागार कंपनीने आणि एका पेट्रोरसायन कंपनीने स्वीकारली, तेव्हा तिथे काय घडले हे त्यांनी तपासले. एका कंपनीतील मुलाखती व निरीक्षणांतून निघालेल्या संकल्पना दुसरीच्या सामग्रीशी ताडून पाहायच्या, त्यात बसत नाही ते बाजूला न सारता संकल्पनाच दुरुस्त करायची, असा तो क्रम होता. बदल हळूहळू होईल की आमूलाग्र, हे केवळ साधनाच्या गुणांवरून समजत नाही. संस्थेची परिस्थिती, व्यवस्थापकांचे हेतू आणि संबंधितांच्या कृती एकत्र पाहाव्या लागतात, असा सिद्धान्त त्यातून उभा राहिला.

नंतरच्या अनेक लेखांत मात्र कोडिंग तेवढे उरले आणि सिद्धान्त मागे पडला. व्यवस्थापनशास्त्रात रॉय सडबी यांनी २००६ मध्ये पद्धतीच्या नावाखाली चालणाऱ्या गैरवापरावर नेमके बोट ठेवले. कॅथी अर्कहार्ट, हान्स लेहमन आणि मायकेल मायर्स यांनी २०१० मध्ये माहिती प्रणालींच्या संशोधकांसाठी पाच मार्गदर्शक तत्त्वे मांडली. त्यांतील पहिली तीन, म्हणजे सातत्याने तुलना करणे, संकल्पना टप्प्याटप्प्याने बांधणे आणि उभ्या राहणाऱ्या सिद्धान्ताच्या गरजेनुसार पुढचा नमुना निवडणे, ही १९६७ पासूनचीच शिकवण आहे; उरलेली दोन संशोधकाला आपले प्रवर्ग अधिक व्यापक पातळीवर न्यायला आणि मग आपला सिद्धान्त त्या क्षेत्रातील इतर सिद्धान्तांशी जोडून दाखवायला सांगतात.