फ्रीबीएसडीमधील सोर्स ट्रीच्या सिंक-त्रुटी

फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल (गाभा) आणि मूळ प्रणाली यांचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, रूढीने /यूएसआर/एसआरसी या डिरेक्टरीत ठेवतात. त्यालाच सोर्स ट्री किंवा झाड म्हणतात. ही प्रत प्रकल्पाच्या रिपॉझिटरीशी (कोडच्या मध्यवर्ती साठ्याशी) जुळवून घेणे म्हणजे सोर्स सिंक करणे. पूर्वी हे काम सीव्हीएसअप हा प्रोग्राम करत असे. २००८ मध्ये सोर्स सबव्हर्जन या आवृत्ती-नियंत्रण साधनावर गेला आणि डिसेंबर २०२० मध्ये गिटवर. त्यामुळे जुनी माहिती वाचून सबव्हर्जनने सिंक करू पाहणाऱ्याला 'स्टेबल/१३' आणि त्यापुढच्या ब्रँच (कोडच्या शाखा) मिळतच नाहीत.

'गिट पुल' ही एक कमांड दिसली तरी ती दोन कामे करते: सर्व्हरवरून नवे कमिट (नोंदवलेले बदल) आणते आणि मग ते आपल्या झाडात मिसळते. म्हणून त्रुटी आली की आधी नुसते 'गिट फेच' चालवावे. तेच अडले तर दोष नेटवर्क, घड्याळ, डिस्क किंवा परवानग्यांत असतो. ते सुरळीत झाले तर दोष आपल्याच झाडात आहे. एवढ्या एका चाचणीने निम्मी शोधाशोध वाचते.

फेच अडल्यावर 'डेट' कमांडने घड्याळ पाहण्याचा सहसा कंटाळा केला जातो. मदरबोर्डवरचा सेल संपला की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते आणि सर्व्हरचे वैध प्रमाणपत्रही 'अजून लागू झालेले नाही' म्हणून नाकारले जाते. पहिला क्लोन (रिपॉझिटरीची प्रत उतरवणे) 'अर्ली ईओएफ' म्हणत तुटला, तर गिट तो तुटल्या जागेपासून पुढे नेत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. कच्च्या जोडणीवर '--डेप्थ १' देऊन उथळ, म्हणजे जुन्या इतिहासाविना, क्लोन घ्यावा आणि इतिहास हवा असल्यास नंतर 'गिट फेच --अनशॅलो' करावे. डिस्कवर जागा दिसत असूनही 'नो स्पेस लेफ्ट' आले, तर यूएफएस या फाइल सिस्टिमवर 'डीएफ -आय' चालवून आयनोड (प्रत्येक फाइलीला लागणाऱ्या नोंदी) संपले आहेत का ते तपासावे.

एप्रिल २०२२ मधल्या गिट २.३५.२ पासून झाडाचा मालक आणि कमांड चालवणारा वेगळे असतील तर गिट काम नाकारते. 'ड्यूबियस ओनरशिप' हा संदेश त्याचाच. 'सेफ.डिरेक्टरी'त अपवाद नोंदवता येतो, पण खरा उपाय म्हणजे झाडाचा मालक एकच ठरवून नेहमी त्याच खात्यातून सिंक करणे. कधी रूट (प्रशासक), कधी साधा वापरकर्ता असे केले की '.गिट/ऑब्जेक्ट्स'मध्ये रूटच्या फाइली उरतात आणि पुढच्या खेपेला 'परमिशन डिनाइड' येते. 'इंडेक्स.लॉक' अस्तित्वात असल्याची तक्रार आली तर 'पीएस'ने दुसरे गिट चालू नाही याची खात्री करून मगच ती फाइल काढावी.

मिसळण्यातल्या त्रुटींचे एक नेहमीचे कारण म्हणजे 'जेनेरिक' ही कर्नल कॉन्फिग फाइल थेट बदलणे. त्याऐवजी शेजारी स्वतःच्या नावाची फाइल करून तिच्या सुरुवातीला 'इन्क्लूड जेनेरिक' लिहावे. मग सिंक तिला हात लावत नाही. बदल आधीच झाले असतील तर 'गिट स्टॅश'ने ते बाजूला ठेवावेत, पुल करावे, मग 'गिट स्टॅश पॉप'ने परत आणावेत. इथे आपले आणि नवे बदल एकाच जागी भिडून संघर्ष झाला तर फाइलीत '<<<<<<<' अशा खुणा राहतात आणि कंपायलर त्या ओळीवर अडतो. 'रिसेट --हार्ड'ची घाई करू नये, कारण त्याने कमिट न केलेले बदल पुसले जातात. आधी 'गिट डिफ'चे आउटपुट एका फाइलीत काढून ठेवावे. इन्स्टॉलरने टाकलेल्या सोर्समध्ये '.गिट' नसते. तिथे क्लोन 'डिरेक्टरी रिकामी नाही' असे सांगतो. जुन्या डिरेक्टरीचे नाव बदलून नव्याने क्लोन करावा.

सर्वांत जास्त वेळ खाते ते मुकाट्याने चुकीचे झालेले सिंक. संदेश काहीच येत नाही, पण ब्रँच भलतीच असते: प्रसिद्ध आवृत्तीची 'रेलेंग' हवी तिथे विकासाची 'मेन'. 'गिट ब्रँच --शो-करंट' पाहावे आणि 'सिस/सिस/परॅम.एच'मधला आवृत्ती क्रमांक 'यूनेम -के'शी (इथे 'के' हे कॅपिटल अक्षर) ताडावा. झाडातला आकडा चालू कर्नलपेक्षा लहान असेल तर बिल्ड सुरूच करू नये. ब्रँच बरोबर असून बिल्ड फुटले, तर 'अपडेटिंग' फाइलीतल्या अलीकडच्या नोंदी वाचाव्यात आणि आधीच्या बिल्डच्या फाइली असलेले /यूएसआर/ओबीजे रिकामे करून पुन्हा बांधावे. तरीही तीच फाइल अडली तर त्या डिरेक्टरीचा 'गिट लॉग' पाहावा. 'मेन'वर एखादा कमिटच बिघडलेला असू शकतो. दुरुस्ती आल्यावर पुन्हा सिंक करावे.