पार्श्वभूमी : इंग्लंडचा हरितपट्टा आणि त्यावरील घरबांधणीला होणारा विरोध

इंग्लंडमधील एखाद्या शहराच्या कडेला शेतजमिनीवर हजार-दोन हजार घरांची वसाहत उभारण्याचा प्रस्ताव आला, की आसपासच्या गावांत उभ्या राहणाऱ्या विरोधाचे वर्णन बहुधा ‘निसर्ग विरुद्ध घरे’ असे केले जाते. हे वर्णन अपुरे आहे. हरितपट्टा, म्हणजे तेथील नियोजनाच्या भाषेतला ग्रीन बेल्ट, हा निसर्गसौंदर्यासाठी किंवा जैवविविधतेसाठी दिला जाणारा दर्जा नव्हे. कसदार शेते, घोड्यांची कुरणे, गोल्फची मैदाने आणि एखादी बंद पडलेली खाण, असे काहीही त्यात असू शकते. शहराने कोठे थांबायचे हे सांगणारी ती एक रेषा आहे. आज असे १४ पट्टे मिळून सुमारे १६ लाख हेक्टर, म्हणजे इंग्लंडची साधारण साडेबारा टक्के जमीन व्यापतात. त्यांवरून होणारा संघर्ष समजून घ्यायचा, तर ही रेषा मुळात कोणत्या बोलीवर आखली गेली ते पाहावे लागते.

दोन महायुद्धांच्या दरम्यान मोटारी वाढल्या आणि शहरांतून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांच्या दुतर्फा घरांच्या लांबच लांब रांगा पसरू लागल्या. ग्रामीण इंग्लंडच्या रक्षणासाठी १९२६ मध्ये एक राष्ट्रीय परिषद स्थापन झाली, ती याच अस्वस्थतेतून. १९३५ मध्ये रस्त्यालगतच्या अशा बांधकामाला आळा घालणारा कायदा झाला, तर १९३८ च्या कायद्याने लंडनभोवतीची जमीन मोकळी राखण्याची व्यवस्था केली. परंतु जमीन विकत घेऊन किंवा मालकांशी करार करून ती वाचवणे महाग होते आणि त्या मार्गाने फार मोठा पट्टा उभा राहणे शक्य नव्हते.

नगररचनाकार पॅट्रिक ॲबरक्रॉम्बी यांनी १९४४ च्या बृहद्‌-लंडन आराखड्यात याचे जे उत्तर मांडले, त्याला दोन बाजू होत्या. लंडनभोवती मोकळ्या जमिनीचे रुंद कडे राखायचे आणि शहरात न मावणाऱ्या माणसांसाठी त्या कड्यापलीकडे नवी नगरे वसवायची. १९४६ च्या नवनगर कायद्याने दुसरी बाजू हाती घेतली. १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने पहिलीला बळ दिले, कारण जमिनीवर बांधकाम करण्याचा हक्कच या कायद्याने मालकाकडून शासनाकडे आणला आणि परवानगी नाकारली म्हणून प्रत्येक वेळी भरपाई देण्याची गरज उरली नाही.

स्थानिक विरोधाची सर्वांत गाजलेली सुरुवातीची घटना हरितपट्ट्यातली नाही, तर त्याच्या पलीकडची आहे. स्टीव्हनेज हे पहिले नवनगर म्हणून निवडले गेले, तेव्हा १९४६ मध्ये मंत्री लुईस सिल्किन यांना तेथील सभेत आरडाओरड्याला तोंड द्यावे लागले, त्यांच्या मोटारीच्या चाकांतील हवा सोडण्यात आली आणि पुढे कोणीतरी रेल्वे स्थानकाच्या फलकावर स्टालिनग्राडच्या धर्तीवर ‘सिल्किनग्राड’ असे नाव चढवले. ओरडून उपयोग नाही, हे होणारच, असे सिल्किन यांनी सभेत सुनावले होते. रहिवाशांनी दावा लावला; तो १९४७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे, फेटाळला गेला. लंडनच्या लोकांना मोकळी हवा मिळावी म्हणून दुसऱ्या कोणाची तरी शेते जाणार, हा हिशेब या योजनेत पहिल्या दिवसापासून होता, एवढे त्यावरून लक्षात येते.

हरितपट्टा लंडनबाहेर गेला तो १९५५ मध्ये. गृहनिर्माणमंत्री डंकन सँडिस यांनी त्या वर्षी काढलेल्या ४२/५५ क्रमांकाच्या परिपत्रकात स्थानिक प्राधिकरणांना तीन कारणांसाठी असे पट्टे आखण्यास सुचवले : मोठ्या शहराची वाढ रोखणे, शेजारची नगरे एकमेकांत मिसळू न देणे आणि एखाद्या नगराचे विशेष रूप जपणे. ग्रामीण भागावरील अतिक्रमण रोखणे आणि शहरातील पडीक जमिनीच्या पुनर्वापराला चालना देणे, हे दोन हेतू नंतर जोडले गेले. प्रत्यक्ष सीमा निश्चित होण्यास अनेक वर्षे, काही ठिकाणी दशके लागली. या काळात हजारो कुटुंबांनी शहराच्या कडेला घरे घेतली ती समोरचे शेत तसेच राहणार या विश्वासाने, आणि हा विश्वास भाबडा म्हणता येणार नाही, कारण मोकळेपणा आणि कायमपणा हीच हरितपट्ट्याची मूळ लक्षणे असल्याचे पुढे सरकारी धोरणच लेखी सांगत आले.

मात्र योजनेची दुसरी बाजू हळूहळू गळून पडली. १९४७ च्या कायद्यातील विकास-आकार, म्हणजे बांधकामाच्या परवानगीमुळे जमिनीच्या वाढणाऱ्या किमतीवरील शासकीय आकार, १९५३ मध्ये रद्द झाला, आणि १९५९ पासून सक्तीने घेतलेल्या जमिनीलाही बाजारभाव देणे आले, त्यामुळे शासनाला स्वस्तात जमीन घेऊन नगर वसवणे अवघड झाले. १९७० नंतर इंग्लंडमध्ये नवे नगर घोषित झाले नाही. १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने भाडेकरूंना नगरपालिकांची घरे विकत घेण्याचा हक्क दिला आणि एकेकाळी वर्षाला लाखाहून अधिक घरे बांधणाऱ्या स्थानिक संस्थांचे बांधकाम पुढच्या दोन दशकांत जवळजवळ थांबले. रेषा राहिली, पण माणसांनी जायचे कोठे याचे शासकीय उत्तर उरले नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते आजच्या भांडणाचे मूळ गावकऱ्यांच्या स्वार्थापेक्षा या अर्धवट सोडलेल्या व्यवहारात अधिक आहे.

रिकामी झालेली ती जागा खासगी विकासकांनी घेतली. १९८३ मध्ये पर्यावरणमंत्री पॅट्रिक जेन्किन यांनी हरितपट्ट्याच्या सीमा सैल करू पाहणारा परिपत्रकाचा मसुदा पुढे केला, तेव्हा त्यांच्याच पक्षाचे खासदार उलटले आणि १९८४ चे अंतिम परिपत्रक संरक्षणाची ग्वाही देऊनच निघाले. त्याच सुमारास बड्या बांधकाम कंपन्यांच्या एका संघाने खासगी नगरांचे प्रस्ताव आणले. एसेक्समधील टिलिंगहॅम हॉल येथील, थेट हरितपट्ट्यातील, सुमारे पाच हजार घरांचा प्रस्ताव १९८७ मध्ये फेटाळला गेला. हॅम्पशायरमधील फॉक्सली वूड या प्रस्तावित नगराला मंत्री निकोलस रिडली यांनी १९८९ मध्ये अनुकूलता दाखवताच विरोधकांनी त्यांचा पुतळा जाळला. त्यांच्या जागी आलेल्या क्रिस पॅटन यांनी त्याच वर्षी तो निर्णय फिरवला. ‘माझ्या परसात नको’ म्हणणाऱ्यांसाठी ‘निंबी’ हा कुत्सित शब्द ब्रिटनमध्ये रूढ करण्यात रिडली यांचाच मोठा वाटा होता, आणि स्वतःच्या घराजवळच्या बांधकामाला त्यांनीच हरकत घेतल्याचे पुढे उघड झाले.

२०१२ च्या राष्ट्रीय नियोजन धोरण चौकटीनंतर वादाचे स्थान बदलले. प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाने आपली घरांची गरज मोजून ती विकास आराखड्यात भागवायची आणि ‘अपवादात्मक परिस्थिती’ असेल तरच हरितपट्ट्याची सीमा हलवायची, असा दंडक झाला. साहजिकच विरोधकांनी आकड्यांचा अभ्यास सुरू केला. कॉव्हेंट्री शहराने २०१७ मध्ये मंजूर केलेल्या आराखड्यात हरितपट्ट्यातील जमिनी घरांसाठी मोकळ्या केल्या. शिक्षण संपवून शहर सोडणारे विद्यार्थी नीट वजा न केल्यामुळे लोकसंख्येचा अंदाज फुगला आहे, असे तेथील रहिवासी सांगत राहिले. २०२१ मध्ये सांख्यिकी नियामकाने विद्यार्थ्यांच्या शहरांबाबतचे अंदाज स्थानिक पुराव्यांशी जुळत नसल्याचे मान्य केले, आणि त्याच वर्षीच्या जनगणनेत, २०२० साठी सुमारे ३ लाख ७९ हजार मानली गेलेली कॉव्हेंट्रीची लोकसंख्या सुमारे ३ लाख ४५ हजार निघाली. तोपर्यंत सीमा हलून गेली होती.

ग्रेटर मँचेस्टरमध्ये २०१६ च्या संयुक्त आराखड्याविरुद्ध निदर्शने झाली, मसुदा पुन्हा लिहावा लागला, स्टॉकपोर्ट प्राधिकरण २०२० मध्ये त्यातून बाहेर पडले आणि उरलेल्या नऊ प्राधिकरणांचा आराखडा मार्च २०२४ मध्ये संमत झाला. राष्ट्रीय राजकारणाला धक्का बसला तो जून २०२१ मध्ये, लंडनजवळच्या चेशम व ॲमरशम मतदारसंघात. हुजूर पक्षाने १६ हजारांच्या मताधिक्याने राखलेली ही जागा पोटनिवडणुकीत लिबरल डेमोक्रॅट पक्षाने ८ हजारांनी जिंकली. त्या भागातून जाणाऱ्या जलदगती रेल्वेवरील रोषही त्यामागे होता, पण नियोजन सुधारणांचा मोठा प्रस्ताव सरकारने त्यानंतर गुंडाळला आणि डिसेंबर २०२३ मध्ये सीमांचा फेरविचार करण्याचे बंधन प्राधिकरणांवर नसल्याचे स्पष्ट केले.

२०२४ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाने एका संसदेच्या कार्यकाळात १५ लाख घरांचे उद्दिष्ट ठेवले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये धोरण चौकटीत ‘ग्रे बेल्ट’ ही नवी संज्ञा आणली. पूर्वी बांधकाम झालेली असो वा नसो, शहराचा फैलाव रोखणे, नगरे वेगळी ठेवणे आणि ऐतिहासिक नगराचे रूप जपणे या तीन हेतूंना ठळक हातभार न लावणारी हरितपट्ट्यातील जमीन तिच्यात मोडते. ग्रामीण भागावरील अतिक्रमण रोखण्याचा हेतू या कसोटीतून वगळलेला आहे. शिवाय फेब्रुवारी २०२५ च्या मार्गदर्शनानुसार हे तीन हेतू शहरे व नगरे यांच्यापुरते लागू होतात, खेड्यांना नव्हे. त्यामुळे दोन गावे एकमेकांत मिसळतील, ही गावकऱ्यांच्या हरकतींतील सर्वांत जुनी तक्रार या कसोटीपुरती गैरलागू ठरली असून, एखादे विशिष्ट शेत जवळच्या नगराला किती ‘ठळक’ उपयोगी आहे, या एका विशेषणावर आता सुनावण्यांमध्ये युक्तिवाद होत आहेत.