पार्श्वभूमी : मोरारजी देसाई, मुंबई राज्याची दारूबंदी आणि ‘दारू’ या शब्दाचा घोळ

महाराष्ट्रात दारू पिण्याला कायद्याने आजही बंदी आहे. परवाना हा त्या बंदीतला अपवाद. एक दिवसाचा परवाना विदेशी मद्यासाठी पाच रुपये आणि देशीसाठी दोन रुपये, वर्षाचा शंभर, आजीव एक हजार, असा दर वर्षानुवर्षे चालत आला. चिठ्ठी फाडून घेणाऱ्या बहुतेकांना ती कुठून आली हे माहीत नसते. ती १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातून आली आहे. त्या वेळी मुंबई प्रांताचे गृह आणि महसूल खाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. दारूबंदी हा त्यांचा श्रद्धेचा विषय होता आणि ती राबवणारे पोलीसही त्यांच्याच हाताखाली होते.

मराठी माणसाला मोरारजी आठवतात ते संयुक्त महाराष्ट्र आंदोलनातल्या फ्लोरा फाउंटनच्या गोळीबारामुळे, आणि ते योग्यच आहे. पण त्या गोळीबारामागचा स्वभाव समजून घ्यायचा तर आधीची दहा वर्षे पाहावी लागतात. त्याआधीचे थोडक्यात सांगता येते : प्रांतिक सेवेत डेप्युटी कलेक्टर, १९३० मध्ये राजीनामा आणि सत्याग्रह, १९३७ च्या पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळात महसूलमंत्री. मुंबईत १ ऑगस्ट १९३९ ला पहिली दारूबंदी आली तीही याच मंत्रिमंडळाची. ती मांडणारे आरोग्य आणि अबकारी मंत्री स्वतः पारशी डॉक्टर होते आणि त्यांच्याच समाजातून त्यांना कडवा विरोध झाला. काही महिन्यांत मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग ढिला पडला.

मोरारजींना सरसकट ‘सनातनी’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण १९४६ ते १९५२ या काळातले कायदे त्या शब्दात बसत नाहीत. त्याच सरकारने हिंदूंमधली द्विभार्या पद्धत बंद केली, हरिजनांना मंदिरप्रवेशाचा हक्क दिला, जातीतून किंवा पंथातून बहिष्कृत करण्यावर बंदी घातली आणि १९४८ चा कूळ कायदा आणला. कूळ कायदा तर थेट त्यांच्या महसूल खात्याचा. हे कायदे आणि दारूबंदी एकाच मुशीतले आहेत. समाजाला काय हितकारक हे एकदा ठरले की सरकारने ते कायद्याने घडवावे, लोकांच्या सवयी मागाहून बदलतील, अशी ती धारणा होती. कुळाच्या बाबतीत ती फळली, कारण कुळाला जमीन हवीच होती. दारूच्या बाबतीत ती अडली, आणि अडली ती व्याख्येवर.

कायद्याच्या कलम २(२४) मध्ये ‘दारू’ची व्याख्या अशी केली होती की स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी यांच्याबरोबर अल्कोहोल असलेला कोणताही द्रव तिच्यात यावा. हेतू स्वच्छ होता. व्हिस्की बंद केली की माणूस टिंक्चरकडे वळतो, टिंक्चर बंद केले की ओ-द-कोलोनसारख्या सुगंधी पाण्याकडे. म्हणून एकही फट ठेवायची नाही. पण त्यामुळे खोकल्याचे औषध, टॉनिक, लव्हेंडर वॉटर हे सगळे कागदावर दारू झाले. ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण राज्यात दारूबंदी लागू झाली आणि मुंबईच्या एका नागरिकाची याचिका न्यायालयापुढे आली. व्हिस्की, ब्रँडी, बिअर यांच्याबरोबर औषधी वाइन, ओ-द-कोलोन आणि अल्कोहोलयुक्त औषधे बाळगण्याचा आणि वापरण्याचा हक्क त्याने मागितला होता.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २५ मे १९५१ ला आला. त्याने दारूबंदी कायम ठेवली. लष्करी मेस आणि परदेशी पाहुणे यांना दिलेली सूटही टिकली. मात्र औषधे आणि प्रसाधने यांना लागू होण्यापुरती कलम १२ आणि १३ मधली बंदी रद्द झाली. शिवाय दारूची भलामण करणे हाच गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध म्हणून गेल्या. मंत्रालयाला हा विजय वाटला असेल, पण पोलीस ठाण्यावर त्याचा अर्थ वेगळा निघाला.

तो अर्थ चारच दिवसांत दिसला. २९ मे १९५१ च्या रात्री साडेनऊला एका प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्याच्या जीपने कुलाब्यात तिघांना धडक दिली. त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. मी अल्कोहोल असलेले टॉनिक घेतले होते, असा त्याचा बचाव. प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटने त्याला सोडले. उच्च न्यायालयाने एक महिना सक्तमजुरी आणि ५०० रुपये दंड ठोठावला. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती शिक्षा रद्द केली. औषध पिणे हा आता गुन्हाच उरला नाही, तेव्हा आरोपी जे प्यायला ते बंदी असलेले मद्यच होते हे सरकारने सिद्ध करायला हवे, असे त्यामागचे तर्कशास्त्र. नुसत्या वासावरून ब्रँडी आणि टॉनिक यांत फरक करता येत नाही. म्हणजे वास, लाल डोळे आणि झोकांड्या यांवर उभा असलेला पंचनामा एका बाटलीने कोसळू शकत होता.

सरकारने दोन टप्प्यांत डागडुजी केली. आधी औषधे आणि प्रसाधने वेगळी काढली : जे पेय म्हणून पिण्यालायक नाही ते बंदीबाहेर, आणि पिण्यालायक आहे की नाही यावर सल्ला द्यायला तज्ज्ञांचे मंडळ. मोरारजी दिल्लीला गेल्यानंतर, १९५९ मध्ये, दारू पिण्यासारख्या गुन्ह्यांची शिक्षा सांगणाऱ्या कलम ६६ ला दुसरे पोटकलम जोडले गेले. रक्तात अल्कोहोलचे प्रमाण ०.०५ टक्के किंवा अधिक, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये निदान ५० मिलिग्रॅम असेल, तर ते औषधातून आले हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर. पुराव्याचे ओझे असे फिरवणे मला आजही पटत नाही. तरी वासावर माणूस आत टाकण्यापेक्षा ते बरे, हेही खरे.

मग सगळा भार रक्ताच्या नमुन्यावर आला, आणि १९५९ चे रक्तचाचणी नियम म्हणूनच इतके काटेकोर आहेत. नोंदणीकृत डॉक्टरने सिरिंज उकळत्या पाण्यात निर्जंतुक करायची. कातडी निर्जंतुक पाण्याने पुसायची. स्पिरिटचा बोळा कोणत्याही टप्प्यावर लावायचा नाही, कारण तेच अल्कोहोल नमुन्यात उतरू शकते. शिरेतून किमान ५ सीसी रक्त काढून कुपीत घ्यायचे. कुपीत रक्त गोठू न देणारे आणि टिकवणारे द्रव्य असते. ते विरघळावे म्हणून कुपी जोराने हलवायची. न हलवल्यास रक्ताच्या गाठी होतात. टिकवणारे द्रव्य कमी पडले तर जंतू रक्तातली साखर आंबवून कुपीतच अल्कोहोल तयार करतात. शेवटी लेबल, लाखेचे सील, आणि सात दिवसांत तपासणी अधिकाऱ्याकडे. बचावाचा वकील आधी हेच विचारतो : बोळा कशाचा होता, सील कुणाचे होते, कुपी मधले दिवस कुठे होती. सवयीने लावलेला स्पिरिटचा एक बोळा खटला बुडवायला पुरतो.

मुख्यमंत्री म्हणूनही मोरारजींचा हाच बाणा राहिला. १९५२ च्या निवडणुकीत ते स्वतः १९ मतांनी हरले, तरी पक्षाने त्यांनाच नेतेपद दिले आणि पोटनिवडणुकीतून ते सभागृहात आले. ६ जानेवारी १९५४ ला त्यांच्या सरकारने परिपत्रक काढले की इंग्रजी माध्यमाच्या वर्गात अँग्लो-इंडियन आणि बिगरआशियाई वंशाच्या मुलांखेरीज कुणाला प्रवेश देऊ नये. देवळालीची एक शाळा न्यायालयात गेली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. मातृभाषेचा आग्रह चुकीचा नव्हता. मुलाचा वंश बघून दार बंद करणे चुकीचे होते.

२१ नोव्हेंबर १९५५ चा गोळीबार, त्यात गेलेले १५ जीव आणि जानेवारी १९५६ मध्ये पडलेला मृतांचा खच या गोष्टी वाचकाला नव्याने सांगायला नकोत. एक मात्र सहसा विसरले जाते. ऑगस्ट १९५६ मध्ये मराठी आणि गुजराती भाग एकत्र ठेवणाऱ्या द्विभाषिक राज्याच्या निर्णयावर अहमदाबादही पेटले, तिथेही गोळीबारात तरुण मेले, आणि मोरारजी शांततेसाठी उपोषणाला बसले तेव्हा त्यांच्याच गुजराती लोकांनी ‘जनता कर्फ्यू’ पाळून रस्ते ओस पाडले. दोन्ही भाषकांचा राग वेगळा होता, पण दोघांचीही तक्रार एकच होती : आम्हाला विचारले नाही.

१ मे १९६० ला राज्य दुभंगले तेव्हा हा कायदा दोन्हीकडे गेला. गुजरातने बंदी ठेवली. महाराष्ट्राने कायदा तसाच ठेवून परवाने सैल केले. १९७३ च्या देशी मद्य नियमांनंतर गावोगावी देशी दारूची दुकाने उघडली. गूळ आणि नवसागर घालून हातभट्टी लावणारे त्याने संपले नाहीत. वर्धा आणि गडचिरोलीत पुढे बंदी आली आणि टिकली. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली.

याच कायद्याच्या छत्राखाली पुढे महाराष्ट्रात वेगळी वाट निघाली ती ‘उभी बाटली, आडवी बाटली’ मतदानाची. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून दुकान बंद करण्याची मागणी करायची, सह्यांची पडताळणी व्हायची आणि मग गुप्त मतदान. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मते लागतात, आणि ही टक्केवारी झालेल्या मतदानाची नसून यादीतल्या एकूण महिला मतदारांची असते. त्यामुळे ऊसतोडीला गेलेली, माहेरी असलेली किंवा त्या दिवशी मजुरी बुडवू न शकलेली प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूने धरली जाते. म्हणून जाणत्या कार्यकर्त्या तारीख ठरण्याआधी मतदारयादी घेऊन बसतात, मयत आणि लग्न होऊन गेलेल्या बायकांची नावे आधी कमी करून घेतात आणि मगच सह्यांना सुरुवात करतात.