फाउंडेशन आणि कॉन्टूरिंग (कोकणातील रंगभूषा)

चेहऱ्याचा रंग एकसारखा दिसावा म्हणून त्वचेवर दिलेला पातळ रंगथर म्हणजे फाउंडेशन. त्या थरावर गडद आणि उजळ छटा लावून गाल, नाक, कपाळ व जबडा यांची ठेवण उठावदार करणे म्हणजे कॉन्टूरिंग. पार्लरमध्ये पहिल्याला नुसते ‘बेस’ म्हणतात. कोकण किनाऱ्यावर लग्नसराईत आणि नाटकाच्या रंगपटात ही कामे नित्याची आहेत, मात्र दमट हवा, हळद, मुंडावळ्या आणि नथ यांचा विचार करूनच ती इथे करावी लागतात.

फाउंडेशनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा रंग आणि लोहाच्या ऑक्साइडांचे तांबडे, पिवळे व काळे रंग असतात. पाणी, तेल किंवा सिलिकोन यांत ते मिसळलेले असतात. सावळा, गव्हाळ, निमगोरा अशा साऱ्या छटा या चार रंगांच्या प्रमाणातूनच साधतात. छटा निवडताना ती मनगटावर लावून पाहण्याची सवय चुकीची आहे; मनगटाचा रंग चेहऱ्यापेक्षा बहुधा वेगळा असतो. जबड्याच्या कडेवर बोटभर पट्टा ओढावा, दिवसाच्या उजेडात उभे राहावे आणि १०-१५ मिनिटांनी पुन्हा पाहावे, कारण काही फाउंडेशने हवा व त्वचेचे तेल लागले की गडद होतात. मानेत मिसळून जाते ती छटा आपली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नवरीला तिच्या रंगापेक्षा दोन छटा उजळ बेस देण्याची मागणी अनेकदा घरातूनच येते. सावळ्या त्वचेवर असा बेस गोरेपणा आणत नाही. त्यातल्या जास्तीच्या पांढऱ्या रंगाने चेहरा भुरकट दिसतो आणि मान, कान, हात वेगळे पडतात. कॅमेऱ्याच्या फ्लॅशखाली हा दोष आणखी वाढतो, कारण टायटॅनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड उजेड परत फेकतात. स्वतःच्या रंगाचा, नितळ बसलेला बेस सावळ्या चेहऱ्याला जे तेज देतो, ते कोणत्याही उजळ डबीत मिळत नाही.

किनाऱ्यावर पारा विदर्भासारखा ४५ अंशांवर चढत नाही, पण हवेत बाष्प इतके असते की घाम वाळत नाही. तो थराखाली साचतो आणि बेस नाकाच्या बाजूला, वरच्या ओठावर फुटतो. यावर जाड थर हा उपाय नव्हे. जितका थर जाड तितका तो लवकर फाटतो. आधी हलके मॉइश्चरायझर लावून ते मुरू द्यावे. कपाळ, नाक व हनुवटीवर सिलिकोनचा प्रायमर, म्हणजे बेस नीट बसावा म्हणून त्याआधी द्यायचा थर, लावावा. मग चेहऱ्याच्या मध्यापासून बाहेर जात, ओलसर स्पंजाने दाबून दाबून फाउंडेशन बसवावे, चोळू नये. डोळ्यांखालच्या काळेपणावर सावळ्या त्वचेत आधी नारिंगी करेक्टरचा (काळेपणा दबवणाऱ्या रंगाचा) अगदी थोडा हात पुरतो. शेवटी पावडर दाबून लावावी. खोपा घातला की कान आणि मान उघडी राहते, तेव्हा तिथेही बेस हवा. मांडवात घाम आला तर टिपकागदाने टिपावा. वरून पुन्हा पावडर थापली की थराच्या गुठळ्या होतात.

हळदीचा प्रश्न रंगचाचणीच्या वेळी कुणाच्या लक्षात येत नाही. लग्नाच्या महिनाभर आधी जुळवलेली छटा हळद लागलेल्या त्वचेवर गुलाबी किंवा राखाडी वाटते, कारण गळा, दंड, कानामागचा भाग पिवळा झालेला असतो. हळदीतले कुरकुमीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि अल्कली लागली की तांबडे होते. चुन्याच्या योगाने हळदीचे कुंकू बनते ते याच गुणामुळे. म्हणून साबणाने घासून फारसे साधत नाही. तेलात मात्र कुरकुमीन विरघळते. खोबरेल हलक्या हाताने चोळून मऊ कापडाने पुसले तर बराच रंग उतरतो. उरलेल्या पिवळेपणासाठी पिवळसर झाकेची छटा हाताशी ठेवावी आणि छटेचा अंतिम निर्णय हळदीनंतरच घ्यावा.

कॉन्टूरिंगचे तत्त्व चित्रकाराला ठाऊक असलेलेच आहे: उजेडातला भाग पुढे आलेला वाटतो, सावलीतला मागे गेलेला. सावलीत तांबूसपणा कमी असतो, म्हणून कॉन्टूरचा रंग त्वचेपेक्षा साधारण दोन छटा गडद आणि किंचित राखाडी झाकेचा तपकिरी लागतो. तांबूस ब्रॉन्झरने ऊन लागल्याचा भास होतो, सावली पडत नाही. गालावरचा पट्टा कानाजवळून ओठांच्या कोपऱ्याच्या दिशेने, गालाच्या हाडाखालून न्यावा आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या रेषेत थांबवावा. पुढे ओढला तर गाल बसलेले, आजारी दिसतात. गालाच्या हाडावर आणि नाकाच्या दांड्यावर उजळ छटा द्यावी. या छटा क्रीमच्या असतील तर बेसवरच्या पावडरीआधी लावाव्यात, पावडरच्या असतील तर तिच्यानंतर. कडा विरघळेपर्यंत ब्रश फिरवणे हेच खरे कसब आहे.

कोकणातल्या नवरीच्या बाबतीत दागिने आधी पाहावेत. मुंडावळ्यांच्या सरी दोन्ही कानशिलांवरून उतरतात, तेव्हा तिथली सावली झाकली जाते आणि थर घासलाही जातो. तिथे हात अगदी हलका ठेवावा. डाव्या नाकपुडीतली नथ स्वतःच नाकाकडे नजर खेचते, त्यामुळे नाकाच्या बाजूंच्या गडद रेषा मोत्यांशेजारी मळकट दिसतात. चंद्रकोर रेखायच्या जागी मात्र कपाळ कोरडे हवे.

या कलेचे मूळ रंगमंचावर आहे. हॉलिवूडचे रंगभूषाकार मॅक्स फॅक्टर यांच्या कंपनीने १९३० च्या दशकात टेक्निकलर (रंगीत) चित्रपटांसाठी ‘पॅन-केक’ तयार केला. ओल्या स्पंजाने लावायचा तो बेस पुढे बाजारात आला. कोकणाला रंगवलेला चेहरा मात्र दशावताराने फार आधी दाखवला होता. सिंधुदुर्गातल्या जत्रेत रात्रभर चालणाऱ्या या खेळात नट आपला चेहरा स्वतःच रंगवतो, आणि स्त्रीभूमिका करणारा पुरुष जबड्याचा राकटपणा रंगानेच सौम्य करतो. मंद उजेडात लांबवर बसलेल्या माणसाला भाव दिसावेत म्हणून तिथे छटा भडक लागतात. मांडवात दोन हातांवरून पाहणाऱ्या पाहुण्यांसमोर तोच भडकपणा उघडा पडतो.

मेकअप उतरवताना आधी खोबरेल, मग सौम्य फेसवॉश वापरावा; खोबरेल तसेच राहू दिले तर काहींच्या त्वचेवर पुटकुळ्या येतात. डबीवरच्या उघड्या झाकणाच्या चित्रात १२ एम लिहिले असेल तर ती उघडल्यापासून बारा महिने वापरायची. स्पंज प्रत्येक वापरानंतर धुवावा. पावसाळ्यात इथे तो दिवसभरातही वाळत नाही आणि आत बुरशी धरतो; म्हणून त्या चार महिन्यांत दोन-तीन स्पंज आळीपाळीने वापरतात आणि ओला स्पंज डब्यात कधीच बंद करत नाहीत.