काचेत थांबलेली ओळ : इटलीचं १९७७

मागे एका शाळेत विज्ञान मंडळासमोर बोलताना मी सांगितलं, की इटलीत रंगीत टीव्हीचं नियमित प्रसारण १ फेब्रुवारी १९७७ला सुरू झालं, म्हणजे आपल्या आधी जेमतेम साडेपाच वर्षं. एक शिक्षक लगेच म्हणाले, "तोवर तंत्रज्ञानच आलं नसेल ना, सर!" हा समज इतका सर्रास आढळतो, की त्यावर सविस्तर लिहायलाच हवं असं वाटलं.

तंत्रज्ञान होतं. ब्रिटन, पश्चिम जर्मनी आणि फ्रान्स हे तिन्ही देश १९६७मध्येच रंगीत झाले होते. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये तर 'राय' या इटलीच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने प्रयोग म्हणून रंगीत प्रक्षेपण केलंही: एक दिवस जर्मन 'पाल' पद्धतीने, दुसऱ्या दिवशी फ्रेंच 'सेकाम' पद्धतीने. कुठली घ्यायची हे ठरत नव्हतं. तूरिनजवळच्या इन्डेसिट कंपनीने 'इसा' नावाची आपली तिसरीच पद्धत पुढे केली होती. त्यातच रिपब्लिकन पक्षाचे नेते उगो ला माल्फा यांचा रंगीत टीव्हीलाच विरोध होता. देश आर्थिक अडचणीत असताना लोक महागड्या संचांवर पैसे उधळतील आणि महागाई भडकेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांची काळजी खोटी नव्हती, पण लोक थांबले नाहीत. उत्तर इटलीत स्वित्झर्लंडचं इटालियन भाषेतलं केंद्र दिसायचं, युगोस्लाव्हियातल्या कोपरचं दिसायचं, आणि ती दोन्ही रंगीत होती. हद्दीपलीकडचे रंग छपरावरच्या अँटेनाने घरात येत होते आणि स्वतःच्या देशाचं चित्र मात्र करड्या छटांत. शेवटी पालची निवड झाली आणि १९७७ उजाडलं. त्याच वर्षाच्या १ जानेवारीला 'कारोसेल्लो' हा वीस वर्षं चाललेला जाहिरातींचा कार्यक्रम बंद झाला. तो संपला की झोपायचं, हा इटलीतल्या घराघरातला मुलांचा नियम होता. महिन्याभरात तिथला टीव्ही रंगीत झाला.

राजकारण इथेच ठेवतो, कारण माझा जीव पालमध्ये अडकला आहे. माणसाच्या डोक्यातून निघालेल्या सुंदर युक्त्यांत मी तिला फार वरचं स्थान देतो.

रंगीत प्रसारणापुढची पहिली अट अशी, की लोकांच्या घरातले जुने कृष्णधवल संच निकामी होता कामा नयेत. म्हणून मूळ लहरीत चित्राची फक्त उजळता पाठवायची. ती तीन रंगांपासून बनते: साधारण ५९ टक्के हिरवा, ३० टक्के लाल, ११ टक्के निळा, कारण आपल्या डोळ्यालाही हे रंग याच क्रमाने उजळ वाटतात. जुना संच एवढंच वाचतो आणि खूश असतो. नव्या संचाला आणखी दोन आकडे लागतात: लाल उजळतेपेक्षा किती वेगळा आणि निळा किती वेगळा. तीन अज्ञातं, तीन समीकरणं. हिरवा आपोआप निघतो.

हे दोन आकडे एकाच उपवाहक लहरीवर, म्हणजे मूळ लहरीसोबत जाणाऱ्या दुय्यम लहरीवर, बसवतात. घड्याळाचा मिनिटकाटा डोळ्यांसमोर आणा. काटा कुठे रोखला आहे, त्यावरून रंग कोणता ते कळतं. काट्याची लांबी म्हणजे रंग किती गडद. अमेरिकी एनटीएससी पद्धत अशीच चालते. अडचण एकच. लहर डोंगरावर आपटून, एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्रावर जात, तारांतून आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून घरी पोचते, तोवर काटा थोडा सरकतो. काटा सरकला की रंग बदलला. माणसाचा चेहरा हिरवट दिसू लागतो, नाहीतर जांभळट. म्हणून अमेरिकी संचांवर रंगछटा जुळवायचं एक वेगळं बटण असायचं आणि कार्यक्रम बदलला की लोक उठून ते फिरवत बसायचे. आल्प्स आणि अपेनाइन्सनी भरलेल्या देशात हा ताप किती झाला असता, याची कल्पना करा.

टेलिफुंकेन कंपनीच्या हॅनोव्हरमधल्या प्रयोगशाळेत वाल्टर ब्रुख यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला यावर तोड काढली. चूक टाळायचा प्रयत्नच त्यांनी केला नाही. तिला तिच्याच विरुद्ध उभं केलं.

टीव्हीचं चित्र एकाखाली एक आडव्या ओळींनी रेखलं जातं. समजा, काटा १० मिनिटांवर हवा आहे. पहिली ओळ तशीच पाठवा. पुढच्या ओळीत घड्याळाच्या आडव्या रेषेत, म्हणजे ९ ते ३ या रेषेत, काट्याचं प्रतिबिंब घ्या: १०चे झाले २०. आता वाटेत दोन्ही ओळींना सारखाच धक्का बसला आणि काटा २ मिनिटं पुढे गेला. घरी आले १२ आणि २२. संचाला ठाऊक आहे, की दुसरी ओळ उलटी आहे. तो २२चं प्रतिबिंब पुन्हा घेतो: ८. एका ओळीत चूक अधिक २, दुसरीत उणे २. दोघांची सरासरी १०. रंग जिथला तिथे! काटा फक्त किंचित आखूड होतो, या उदाहरणात सुमारे २ टक्क्यांनी. रंग दोन टक्के फिका झाला तर कुणाच्या लक्षात येत नाही, पण हिरवा चेहरा लहान मूलही ओळखतं. एकाआड एक ओळीत दिशा उलटायची, म्हणून नाव 'फेज ऑल्टरनेटिंग लाइन'. त्याचं आद्याक्षरी रूप पाल.

पण सरासरी काढायची, तर दोन्ही ओळी एकाच क्षणी हातात हव्यात. एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांत संपते, पुढची तिच्यामागून येते. पहिलीला ६४ मायक्रोसेकंद थांबवून कुठे ठेवायची? त्या काळी घरच्या संचात अशी स्मृती नव्हती. विजेची लहर रेंगाळत ठेवायची तर तेवढ्या वेळात ती १९ किलोमीटर जाईल. इतकी तार कोण गुंडाळणार? उत्तर होतं आवाज. रंगाच्या लहरीचं एका स्फटिकाकरवी श्राव्यातीत ध्वनीत रूपांतर करायचं आणि तो ध्वनी काचेत सोडायचा. काचेत ही लहर सेकंदाला अडीच किलोमीटरच्या आसपास धावते, म्हणजे ६४ मायक्रोसेकंदांत १६-१७ सेंटिमीटर. काचेच्या तासलेल्या कडांवर ती आपटत, वळत जाते, त्यामुळे एवढी वाट काड्यापेटीएवढ्या तुकड्यात मावते. दुसऱ्या टोकाला स्फटिक तिची पुन्हा वीज करतो. ही ओळ थांबवायची कल्पना मूळ सेकाममधली, त्या पद्धतीचे जनक आंरी द फ्रान्स यांची. ब्रुख यांनी ती उचलली आणि तिला नवं काम दिलं. विलंबाशिवायही पाल चालते, डोळाच सरासरी काढतो. पण चूक मोठी असली की पडद्यावर आडवे पट्टे उमटतात. त्यांना हॅनोव्हर पट्टे म्हणतात.

असा एक तुकडा माझ्या टेबलावर आहे. जुन्या बाजारात वजनावर घेतलेल्या संचाच्या बोर्डावर 'डीएल' (डिले लाइन, म्हणजे विलंबरेषा) अक्षरांशेजारी एक चपटी प्लॅस्टिकची डबी होती. ती कापली तर आत फिकट हिरवी झाक असलेली, कोपरे तिरपे घासलेली पातळ काच निघाली. दोन कडांवर नखाएवढे स्फटिक आणि त्यांना केसासारख्या तारा झाळलेल्या. उजेडात धरली तर खिडकीच्या काचेचा टवका वाटावा.

आता थोडं आकड्यांचं. ज्यांना नको त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा. पालच्या उपवाहक लहरीची वारंवारता ४४,३३,६१८.७५ हर्ट्झ, आणि हा आकडा असाच सुचलेला नाही. सेकंदाला १५,६२५ ओळी; त्या आकड्याला २८३.७५ने गुणा आणि २५ मिळवा. उजळतेची ऊर्जा ओळींच्या वारंवारतेच्या पटींभोवती पुंजके करून बसते, मधल्या जागा जवळजवळ रिकाम्या असतात. त्या फटींत रंग बसवायचा. एनटीएससीत अर्ध्याचा फरक पुरतो, पण पालमध्ये दोन आकड्यांपैकी एक ओळीआड उलटत असल्याने त्याचे पुंजके अर्ध्या घराने सरकतात आणि उजळतेवरच येऊन बसतात. म्हणून पाऊण. वरचे २५ हर्ट्झ पडद्यावरची बारीक ठिपक्यांची जाळी एका जागी थिजू नये म्हणून. शिवाय प्रत्येक ओळीच्या आरंभी या लहरीची दहाएक आवर्तनं नमुन्यादाखल येतात, आणि त्यांचा कोन ओळीआड बदलतो. ओळ सुलटी की उलटी, हे संचाला त्यावरून कळतं.

हे कळलं की एक जुनी फसवणूक स्पष्ट होते. आपल्याकडे कृष्णधवल टीव्हीसमोर लावायची तिरंगी प्लॅस्टिकची काच विकली जायची, वर निळी, खाली हिरवी, मध्ये केशरी, आणि 'टीव्ही रंगीत करा' असं सांगून ती लोकांच्या गळ्यात मारली जायची. कृष्णधवल संच रंगाचे दोन आकडे वाचतच नाही. समोर काहीही धरलं तरी ते उगवणार नाहीत. बातम्या वाचणाऱ्या निवेदिकेचं कपाळ निळं दिसायचं, एवढंच. मोबाइलमागे किरणोत्सार थांबवणारे म्हणून विकले जाणारे स्टिकर त्याच जातीचे. आत नेमकं काय घडतं हे विचारलं नाही, की अशा वस्तूंना गिऱ्हाईक मिळत राहतं.

आपणही १९८२मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी, पालच घेतली. म्हणूनच अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली लग्नाची कॅसेट आपल्या व्हीसीआरवर धड लागत नसे: तिकडे ५२५ ओळी आणि सेकंदाला ६० क्षेत्रं (म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं), इकडे ६२५ आणि ५०, शिवाय रंगाच्या काट्याची भाषा वेगळी. इटलीतून आलेल्या कॅसेटला रंगाची ही अडचण नव्हती. ब्रेशामधल्या आणि बोरिवलीतल्या संचांत तोच काचेचा तुकडा एक ओळ ६४ मायक्रोसेकंद धरून ठेवत होता. पुढे त्याची जागा चिपने घेतली, आणि जुलै २०१२मध्ये इटलीने अ‍ॅनालॉग प्रक्षेपण पुरतं बंद केलं.