बाग ‘दत्तक’ घेणं: हा शब्द आला कुठून आणि अडतो कुठे

सार्वजनिक बागेची देखभाल लोकांनी, संस्थेने किंवा कंपनीने अंगावर घेतली की आपण बाग ‘दत्तक’ घेतली म्हणतो, त्याची ही गोष्ट. बागा शहराला का लागतात हे सांगत बसत नाही. १९व्या शतकाचं पण पटकन उरकतो. इंग्लंडात डर्बीची बाग १८४० ला उघडली, बर्कनहेडची १८४७ ला, आणि न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क १८५८ पासून टप्प्याटप्प्याने. तेव्हा लोकांनी यायचं, फिरायचं आणि घरी जायचं, बस. खुरपं माळ्याच्या हातात, शिट्टी रखवालदाराच्या तोंडात.

लोकांच्या हातात खुरपं आलं ते शंभरेक वर्षांनी, आणि ते मुख्यतः हौसेपोटी नाही तर पैसे संपले म्हणून. १९७५ ला न्यूयॉर्क जवळजवळ दिवाळखोरीत गेलं, बागांचा स्टाफ कमी झाला, सेंट्रल पार्कच्या मोठ्या हिरवळीवर नुसती धूळ उडायची. त्याच्या थोडं आधी, १९७३ ला, मॅनहॅटनमधल्या एका पडीक प्लॉटमधला कचरा काही मंडळींनी स्वतःच उपसला, माती आणली, वाफे केले. कुंपणं घातलेल्या रिकाम्या प्लॉटमध्ये तर हे लोक बियांचे गोळे बाहेरूनच फेकायचे! पुढच्या वर्षी शहराने तो साफ केलेला प्लॉट त्यांना महिना १ डॉलर भाड्याने दिला. हा १ डॉलर लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येतो.

सेंट्रल पार्कसाठी १९८० ला एक खाजगी ना-नफा संस्था उभी राहिली, १९९८ ला शहराशी रीतसर करार झाला. ८४३ एकरांचे ४९ भाग पाडले आणि प्रत्येक भागाला एक पगारी माळी जबाबदार, व्हॉलंटियर त्याच्या हाताखाली. माझ्या मते खरी मेख इथेच आहे, कारण तण कुठलं आणि रोप कुठलं हे सांगणारा कोणी नसेल तर वीस उत्साही माणसं तासाभरात अख्खा वाफा साफ करून टाकतात, रोपांसकट.

ब्रिटनमध्ये उलटं झालं. १९८८ च्या कायद्याने बागांच्या देखभालीची टेंडरं काढणं सक्तीचं केलं, कॉन्ट्रॅक्टर गवत कापून जायचा आणि रोजचा ओळखीचा माळी बऱ्याच ठिकाणी गायब झाला. १९९६ पासून लॉटरीचा पैसा जुन्या बागांना मिळायला लागला, अर्जात स्थानिक लोक सोबत आहेत हे दिसलं तर बरं, म्हणून बागेच्या ‘मित्रमंडळांना’, म्हणजे बागेसाठी झटणाऱ्या स्थानिक लोकांच्या गटांना, एकदम भाव आला.

आता ‘दत्तक’. १९८५ ला टेक्सासमध्ये हायवेचा तुकडा दत्तक घ्यायची स्कीम निघाली, कचरा उचला आणि नावाची पाटी मिळवा, मग तोच शब्द झाडं, बाकं, बागा सगळ्यांना चिकटला. आपण मराठीत तो जसाच्या तसा उचलला आणि घोळ वाढला. दत्तक घेतलेल्या मुलाला घराचं नाव लागतं, वारसा मिळतो, दत्तक मोडता येत नाही. बागेचं यातलं काहीच होत नाही. जमीन ज्याची त्याचीच, आणि तुमच्याकडे असते ती परवानगी, तीही बहुतेक वेळा काढून घेता येण्यासारखी. वर या एकाच शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्यात: पैसे देऊन पाटी लावणारी कंपनी, रविवारी तण काढणारे शेजारी, आणि किल्ल्या, पाणी, माळ्याचा पगार सगळं अंगावर घेणारी संस्था. बाकाची फळी तुटून कोणी पडलं तर जबाबदार कोण, याचं उत्तर तिन्ही बाबतीत वेगळं असू शकतं, पण शब्द एकच.

जमिनीचा कागद आपल्या नावावर नसला की काय होतं ते १९९९ ला दिसलं. न्यूयॉर्क शहराने शंभरहून जास्त सामुदायिक बागा, म्हणजे वरच्यासारख्या पडीक प्लॉटवर शेजाऱ्यांनी मिळून केलेल्या बागा, लिलावात काढल्या. शहराचं म्हणणं, जमीन आमचीच, बागेची सोय तात्पुरती होती आणि घरं बांधायला जागा पाहिजे. कागदोपत्री हे बरोबरच होतं, नाही असं नाही. पण तिथे आधी विटांचे ढीग होते आणि ते कोणी उचलले, हा प्रश्न त्या कागदात कुठेच येत नव्हता. आंदोलनं झाली, कोर्टकचेरी झाली, आणि लिलावाच्या तोंडावर दोन संस्थांनी साधारण ४२ लाख डॉलर मोजून त्या बागा विकत घेतल्या. महिना १ डॉलरपासून सुरू झालेली गोष्ट शेवटी अशी सुटली, म्हणजे जमीन खरेदी करूनच.

त्यानंतरचं थोडक्यात. २००५ ला सिंगापूरने सामुदायिक बागांचा कार्यक्रम थेट सरकारी पातळीवर सुरू केला. ब्रिटनमध्ये २०१० नंतरच्या सरकारी खर्चाच्या कपातीत मित्रमंडळांवरचा भार अजून वाढला, २०१७ ला संसदेच्या एका समितीने बागांची अवस्था तपासली, धोरणं करा म्हणून सांगितलं, पण बागा सांभाळणं कायद्याने बंधनकारक करा असं काही म्हटलं नाही. वाचनालय चालवणं तिथे बंधनकारक आहे, बाग चालवणं नाही.