चेंबर खोल केलं म्हणून मॅग्नम चालत नाही

साताऱ्यात जुन्या हत्यारांचा विषय निघाला की एक समज हमखास ऐकू येतो: जुन्या नमुन्यावर नव्यानं बनवलेल्या रिव्हॉल्व्हरचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती पोकळी, एमआयडीसीतल्या लेथवर जरा खोल केलं की .३८ स्पेशल या काडतुसाच्या जागी जास्त जोराचं .३५७ मॅग्नम चालतं. साफ चूक! काडतूस बसणं वेगळं, दाब सोसणं वेगळं. स्पेशलचा कमाल दाब १७,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), मॅग्नमचा ३५,०००. मॅग्नमचं कवच तीनेक मिलिमीटर लांब ठेवलं, तेच मुळी जुन्या चेंबरात शिरू नये म्हणून. ही चेंबरं असलेला सिलिंडर फिरून जागेवर अडकावा यासाठी त्याला बाहेरून खाचा असतात. तिथं पोलाद सगळ्यात पातळ. फुटतो तो बहुधा तिथूनच, तोही धरणाऱ्याच्या तोंडासमोर. शिवाय १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याविना असा बदल करणं हा गुन्हा आहे. त्या कायद्यातली जुनेपणाची सूट फक्त दुरुस्त करूनही न चालणाऱ्या हत्याराला.